माझ्या नावाचा कागद

मंगळवार, भालकी. दिवे लागलेत.

आज शिबिरात बायकांच्या छातीची तपासणी होती. सुई न्हाई, दाबणं न्हाई. अंधाऱ्या खोलीत यंत्राचा उजेड अंगात आतपर्यंत सोडतात, गाठ असली तर कळते. माझं नाव पुकारलं आणि पाय उचलेना. पोलकं काढायची लाज, का गाठीची भीती? उजव्या बाजूला संक्रांतीपासून हाताला लागायलीय. कुणालाच सांगितलं न्हाई.

धाकट्या जावेला म्हटलं, "मंगल, माझ्या नावावर तूच जा."

ती हसली. "अक्का, ह्या वयात कामून लाजायलात? बसा, तुमच्या वाटणीचा उजेड मीच खाऊन येते."

तपासणीचा कागद माझ्या नावानं आला, दोष काही न्हाई. ह्यांनी तो खंडोबापुढं ठेवला, भंडारा लावला, घरोघर गूळ वाटला. मीपण खाल्ला.

आरती करताना नजर त्या कागदावरच. नाव माझं, अंग मंगलचं. देवापुढं असलं खोटं ठेवून मी टाळ्या वाजवायलेय? शेवटी कागद उचलला. भंडारा पुसायला गेले तर माझं नावच पिवळं झालं.

ह्यांनी विचारलं, "कामून काढलास?"

"दिव्याची झळ लागंल म्हणून," म्हटलं.

हे आणखी एक खोटं. शिबिर उद्या दुपारपर्यंत आहे.