त्यातला एक चमचा सोडा

सोमवार, ९ मार्च

ताई येणार. रविवारी, २९ तारखेला, दुपारी चार वाजता. सौ.नं परस्पर फोन करून ठरवलं, मला न विचारता. तरी मी मोठ्या मनानं काही बोललो नाही.

ताई माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही. कारण क्षुल्लक. तिनं तीस वर्षं एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं. निवृत्त झाल्यावर सगळ्या पाककृती एका वहीत लिहून काढल्या आणि वही मला वाचायला दिली. मी छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासली आहेत. मला वाचायला दिलं म्हणजे तपासायला दिलं, हे शेंबडं पोरही सांगेल. आठ दिवस खपलो. चारशे बारा चुका. लाल शाईत. शेवटच्या पानावर शेरा : पुनर्लेखन आवश्यक. तिनं वही चाळली, पिशवीत घातली आणि गेली. तेव्हापासून अबोला.

भलाईचे दिवस राहिले नाहीत.

सौ.चं म्हणणं, ती आली की नुसतं ‘ताई, चुकलं’ म्हणा, विषय संपेल. पण कुणाचं चुकलं? चारशे बारा तिच्या. माझी एकही नाही.

यावर उपाय सुचला आहे. तिचाच तो मसाल्याचा केक करायचा. आंबट ताक घातलेला, ओलसर. वसतिगृहातल्या मुली त्याच्यावर जीव टाकायच्या. तो तिच्यापुढे ठेवायचा, ती काय ते समजेल. शब्द वाया घालवायची गरज नाही. त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, दुरुस्त्यांसह; वही परत देण्याआधी नमुन्यादाखल काढलेली. म्हणजे मूळ वहीपेक्षा सरस प्रत.

मंगळवार, १० मार्च

पान वाचलं. अकरा ओळी. लोक उगाच बाऊ करतात.

सरावाला एक केक पुरे. दुसरा थेट २९ तारखेला. सौ.नं मदत देऊ केली, नाकारली. २९ पर्यंत स्वयंपाकघर माझ्या ताब्यात राहील असंही जाहीर केलं. तिनं विचारलं, मग दोन वेळचं जेवण कोण करणार. अट शिथिल केली.

शनिवार, १४ मार्च, दुपारी

पहिला केक. सगळं मोजून घेतलं. मैदा दोन वाट्या. त्यातला एक चमचा काढून बाजूला ठेवला, पानावर आहे तसा. लोणी, साखर, अंडी, दालचिनी, लवंग, जायफळ, ताक. ओव्हनमध्ये पंचेचाळीस मिनिटं.

फुगला नाही. उंची दोन बोटं. रंग मात्र चांगला. सुरी वरून घसरली.

सौ. म्हणाली, वास छान आहे. केक कसा झालाय विचारलं, तर पुन्हा म्हणाली, वास छान आहे.

कारण सापडलं. ताक. दुकानातलं, पिशवीतलं. पुरेसं आंबट नव्हतं.

रविवार, १५ मार्च

शेजारच्या दंतवैद्यबाईंकडे घरचं आंबट ताक असतं. गेलो. थेट मागणं बरं दिसेना. पाऊण तास बंद लिफ्ट, पाण्याची टाकी आणि माझी डावीकडची दाढ यांवर बोललो. पातेलं पाठीमागे धरलं होतं. शेवटी त्यांनी दाढ बघितली आणि मंगळवारची वेळ दिली.

ताकाला जाऊन भांडं लपवणे ही म्हण मी प्रुफांत शंभर वेळा तरी तपासली असेल. एकदाही ‘लपविणे’ राहू दिलं नाही.

घरी आल्यावर सौ. तेच पातेलं घेऊन गेली आणि दोन मिनिटांत ताक घेऊन आली.

मंगळवार, १७ मार्च

दाढ काढली. गरज नव्हती असं माझं मत. बोलता येत नव्हतं, म्हणून मांडलं नाही.

गुरुवार, १९ मार्च

दुसरा केक. ताक इतकं आंबट, की डोळ्यात पाणी आलं. केक पुन्हा दोन बोटं.

दंतवैद्यबाईंना एक तुकडा पाठवला. निरोप आला : धंद्याला हातभार लावल्याबद्दल आभारी आहे. असले विनोद मला कळत नाहीत.

दोष ओव्हनचा. डावीकडे कललेला आहे. सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी वाटीत पाणी भरून ती ओव्हनवर ठेवली आणि कल सिद्ध करून दाखवला. तिनं विचारलं, मग केक उजवीकडेही का बसलाय. या प्रश्नाला काही अर्थ नाही.

शनिवार, २१ मार्च

ओव्हनच्या एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. मैदा तीनदा चाळला. चमचा सुरीनं सपाट करून अगदी काटेकोर एक चमचा बाजूला काढला. हा काढलेला मैदा आता वाटीत साठत चाललाय. त्याचं पुढे काय करायचं ते ताईनं कुठेच लिहिलेलं नाही. चारशे तेरावी चूक.

केक : वीट. सौ.नं बाल्कनीच्या दाराला टेकण म्हणून लावला, दार आपटायचं थांबलं. मी एक तुकडा चहात बुडवून खाल्ला. चहा संपला, तुकडा संपला नाही.

वैताग आला आहे. आणि थोडी भीतीही वाटते. ताई येऊन बसली आणि पुढ्यात केक नसला, तर मी काय करणार? नुसता समोर बसून राहणार? ती सोफ्याकडे बघेल, मी पंख्याकडे. दोन वर्षांनी येतेय ती. परत येईलच असं नाही.

सोमवार, २३ मार्च

नाक्यावरच्या बेकरीवाल्याकडे तुकडा घेऊन गेलो. त्यानं हातावर तोलला, काउंटरवर आपटला, एका गिऱ्हाइकालाही दाखवला. मग विचारलं, सोडा किती? मी म्हटलं, एक चमचा. तो म्हणाला, मग बसला कसा? मी म्हटलं, तेच विचारायला आलोय, दर वेळी न चुकता सोडतो. त्यानं विचारलं, सोडता कशात? म्हटलं, वाटीत. तो म्हणाला, वाटीत का म्हणून? मी म्हटलं, मग काय जमिनीवर सोडू? असं बराच वेळ चाललं. मागे रांग लागली. रांगेतल्या एका आजीबाईंनी मला सांभाळायला घरी कुणी आहे का, अशी चौकशी केली.

शेवटी त्यानं आतून पांढऱ्या भुकटीचा डबा आणून पुढ्यात ठेवला. वर लिहिलं होतं : सोडा. नाम. क्रियापद नव्हे. आंबट ताकात तो पडला की फसफसतो आणि त्यावरच केक फुगतो म्हणे. हे केक करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, असंही म्हणाला.

घरी येऊन झेरॉक्स पाहिली. लाल शाई काळी उमटली आहे, तरी माझं अक्षर लपत नाही. त्याखाली ताईची मूळ ओळ : मैदा दोन वाट्या, एक चमचा सोडा, मसाला, सगळं चाळून घ्या. माझी दुरुस्ती : मैदा दोन वाट्या, त्यातला एक चमचा सोडा. मसाला चाळून घ्या.

समासात शेरा : क्रियापद भलत्याच ठिकाणी! विचार करून लिहावे.

मंगळवार, २४ मार्च

शांतपणे विचार केला. दोष संदिग्ध लेखनाचा आहे. ‘खाण्याचा सोडा’ असं स्पष्ट लिहिलं असतं, तर ही वेळ आली नसती.

सौ.ला सांगितलं. आधी ती इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग चोराच्या उलट्या बोंबा म्हणाली. मग गंभीर झाली. म्हणाली, अहो, तीस वर्षं रोज दोनशे माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला तुम्ही विचार करून लिहायला सांगितलंत. आता तरी म्हणा चुकलं म्हणून. मी म्हटलं, केकच सांगेल.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चारशे बारांपैकी अशा आणखी किती असतील? बाकीची पानं माझ्याकडे नाहीत, हे एका परीनं बरंच आहे.

बुधवार, २५ मार्च

चौथा केक. सोडा घातला. आधीच्या तिन्ही खेपांचा राहून गेला होता, म्हणून एकदम चार चमचे.

फुगला. फारच फुगला. भांड्यातून उतरला, जाळीतून खाली गेला. उरला त्याची चव साबणाची. त्याच साबणानं ओव्हन स्वच्छ निघाला असता तर बरं झालं असतं, पण नाही. संध्याकाळ घासण्यात गेली. कंबर धरली आहे. या बाईनं हे तीस वर्षं कसं केलं?

शुक्रवार, २७ मार्च

पाचवा. सोडा एक चमचा, पानावर आहे तसा. म्हणजे तिच्या पानावर.

फुगला! आनंदाच्या भरात ओव्हन उघडून सौ.ला दाखवला. वेळेच्या वीस मिनिटं आधी. डोळ्यांदेखत मधोमध खाली बसला. कडा मात्र अप्रतिम. सौ.नं दोन तुकडे खाल्ले, मी आग्रह न करता.

रविवार, २९ मार्च, सकाळी ११

ओव्हनसमोर खुर्ची टाकून पंचेचाळीस मिनिटं हलू न देता स्वतःला बसवलं. सुई कोरडी निघाली. उंची चार बोटं. मऊ, ओलसर, घरभर दालचिनी. पस्तीस वर्षांत एकाही पुस्तकाकडे असं बघत बसलो नव्हतो.

आता काही बोलायची गरजच नाही. काम फत्ते.

रविवार, २९ मार्च, संध्याकाळी

ताई आली. बारीक झाली आहे. लिफ्ट अजून बंद. जिना चढताना दोनदा थांबली म्हणे.

केक ठेवला. तिनं एक घास खाल्ला, मग अख्खा तुकडा, मग आणखी एक मागितला. सौ.कडे. सौ.ला म्हणाली, याला सांग, छान झालाय. मी सौ.ला म्हटलं, तिला सांग, तिचीच कृती आहे. ती म्हणाली, याला सांग, ताक आधी बाहेर काढून ठेवलं, गार घातलं नाही, की आणखी हलका होतो. सौ. मधे बसून दोघांकडे मान वळवून वळवून थकली. मग चहा आणते म्हणून उठली. तिघांचे चहाचे कप समोर भरलेले होते.

खोलीत आम्ही दोघंच. ताईनं सरळ माझ्याकडे पाहिलं. विचारलं, सोडा किती घातलास?

दोन वर्षांत मला विचारलेली पहिली गोष्ट. तिला सगळं माहीत होतं. वही तिच्याकडेच आहे. ती रागावलेली दिसत नव्हती. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, लहानपणी माझी चोरी पकडल्यावर असायचं तसं. मी कबूल करीन एवढीच वाट बघत होती. शब्द माझ्या जिभेवर आला होता. खरंच आला होता.

मी म्हणालो, ‘खाण्याचा सोडा’ असं लिहायला हवं होतंस तू.

तिचं हसू गेलं. तिनं कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. दाराशी सँडलचा पट्टा तिला लागत नव्हता. मी वाकून लावू शकलो असतो. सौ.नं लावला. उरलेला केकही सौ.नं डब्यात भरून दिला. ताई तो घेऊन जिना उतरली, एकेक पायरी, कठडा धरून. मी दारात उभा होतो. खालच्या वळणापर्यंत दिसत होती. तेव्हाही हाक मारता आली असती.

सौ. माझ्याशी बोलत नाहीये. आतून एकदाच म्हणाली, फोन करा.

करणार आहे. ताई, माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं आहे. तीनदा नंबर काढला. पण जिना चढून-उतरून दमली असेल. पोचल्या पोचल्या झोपली असेल. उगाच झोपमोड नको.

सव्वासहा वाजलेत.