यापुढे उत्तरेला मगर नाही

प्रिय लेथन,

हे पत्र शेजारच्या होझियाकाकाची भाची ट्रिनेल तुझ्या हातात देईल. ती आजच बाल्टिमोरला परत निघाली आहे आणि तू काम करतोस ती गोदी तिला ठाऊक आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

तुझे बाबा इस्पितळात आहेत. आज पाचवा दिवस. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आपल्या घरामागच्या कालव्यात एक मगर राहायला आली. मादी, होडीएवढी लांब. विद्यापीठाची माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "मिस्टर बॅझनाइट, मगरींच्या मुलखाची हद्द नकाशावर आखायची तर रेघ तुमच्या परसातूनच जाईल. यापुढे उत्तरेला मगर काही टिकत नाही." झालं! तुझे बाबा गावभर छाती काढून फिरले. होझिया चर्चच्या पायरीवर म्हणाला, "वॉर्डेल, चाळीस वर्षं जाळी टाकलीस, कुणी विचारलं नाही. एका मगरीनं तुला नकाशावर नेलं की रे!" हे स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले. तिनं दोन उन्हाळे अंडी घातली, एकही फुटलं नाही. ऊबच पुरत नाही म्हणे इथे. तेव्हा मात्र हे दोन दिवस धड जेवले नाहीत.

यंदा थंडी अशी पडली की कालवा या काठापासून त्या काठापर्यंत गोठला. पाणी गोठायला लागलं की ती नाकपुड्या वर काढते आणि तशीच थांबते. बर्फ नाकाभोवती आवळतो, अंग खाली लटकलेलं. बघणाऱ्याला वाटावं, मेली. हे रोज सकाळी काठावर जाऊन वाकून श्वासाची वाफ दिसते का बघायचे. मंगळवारी हिम पडलं आणि तिचं नाक झाकून गेलं. मी चुलीवर मक्याची पेज ढवळत होते. यांनी वल्हं उचललं. मी दारातून ओरडले, "वॉर्डेल, या वयात वेड लागलं का तुला? तिच्या आज्या-पणज्यांनी काढले असे हिवाळे!" म्हणाले, "नाकावरचं तेवढं झाडून येतो. तू कॉफी ओत."

मधोमध गेले आणि बर्फ फुटला.

लेथन, मी काठावरून दोर टाकला, पुरला नाही. पुन्हा टाकला. ते पाण्यातल्या सायप्रस झाडाच्या मुळाला धरून होते आणि मलाच सांगत होते, "तू पुढे येऊ नकोस, इडेला, तू येऊ नकोस." होझिया शिडी आडवी टाकून त्यांच्यापर्यंत पोचला तोवर अर्धा तास गेला होता. ओठ निळे पडले होते. आता दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, तोंडात नळी आहे. डॉक्टरीणबाई चांगली आहे, पण माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाही. काल बर्फ वितळला, मगर निघून उन्हाला आली, असं होझिया सांगत होता. मी त्याला म्हटलं, तिचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.

आता जे चार वर्षं लिहिलं नाही ते लिहिते.

तू भांडून गेलास. विहिरीला समुद्राचं मीठ लागलंय, झाडं उभ्या उभ्या मरताहेत, घर विका आणि माझ्याकडे चला, असं म्हणत होतास. तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय गं. फोन कर त्याला, म्हणावं आम्ही येतो." मी ओसरीवर जाऊन फोन केला, आणि तुला सांगितलं की बाप म्हणतोय, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ते त्यांचे शब्द नव्हते. माझे होते. आत येऊन त्यांना सांगितलं, "तो म्हणतो, आता उशीर झाला, माझ्याकडे येऊ नका." ते जाळं घेऊन बसले, पण हात चालत नव्हते.

का केलं? तुझी बहीण रूबी चर्चमागे पुरलेली आहे. सहा वर्षांची. भरतीचं पाणी आता तिच्या दगडापर्यंत येतं. मी गेले असते तर दर रविवारी तिच्यापाशी कोण बसलं असतं? मेलेल्या लेकरासाठी मी जिवंत लेकरू तोडलं. रोज वाटायचं, उद्या सांगेन. उद्या करता करता चार वर्षं गेली.

काल त्यांना जरा शुद्ध आली. बोलता येत नाही म्हणून नर्सनं पाटी दिली. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत तुझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "निघालाय तो. वाटेत आहे." त्यांनी माझा हात दाबला. उद्या रविवार, त्यानंतरचं डॉक्टरीणबाई काही सांगत नाही. लेथन, तुमच्या दोघांत मी बोललेलं हे तिसरं खोटं आहे. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस, पण एवढं एक खरं कर.

तुझीच, तू म्हणशील तरच आई,
इडेला