खुर्चीची मागची बाजू

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोनवर बोलायला लागलं की आई तुझ्याशेजारी येऊन उभी राहते, म्हणून पत्रच बरं. नव्या घराचे फोटो ऑफिसात दाखवले. आपलं जुनं घर ते हेच, यावर कुणाचा विश्वास बसेना. आर्किटेक्चरच्या कॉलेजात असताना एका गाजलेल्या घराचं चित्र मी भिंतीला लावलं होतं, आठवतं? त्या घराच्या खिडक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत. आईची खिडकी तशीच केली, आता तिला कॉटवरून रस्ता दिसेल. स्वयंपाकघराची भिंत पाडल्यावर किती उजेड आला बघ!

आणि ती खुर्ची एकदाची गेली. बाबांनी मासिकातला फोटो बघून नामांकित खुर्चीची नक्कल केली खरी, पण काय ते ठेंगणे पाय आणि जाडजूड हात! आता तिथे मूळ मापांची, अस्सल आहे. आईला दिवसेंदिवस आठवेनासं होतंय, निदान ती स्वतःच्या घरात निर्धास्त राहावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. उगाच नाक मुरडू नकोस.

चिडलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
ठोक्या

१९ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

नाक मुरडायला सवड मिळाली तर ना! शेजारपाजारचे घर बघायला येतात, वाहवा करून जातात. आई मात्र पाहुणी झाली आहे. कॉटच्या कडेला अवघडून बसते. मलाच म्हणते, छान आहे हो घर तुमचं. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभी. चला, निघते, हे घरी जेवायचे खोळंबले असतील, म्हणते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, हे तिला सांगायची माझी छाती होत नाही.

काल तिला हाताला धरून तुझ्या अस्सल खुर्चीमागे नेलं. बाबा लाकडाच्या कारखान्यातून येऊन बसले की ती मागे उभी राहायची, एका हातानं खुर्चीची पाठ धरायची आणि दुसऱ्यानं त्यांच्या केसातला भुसा काढायची. विसरलास? तिनं हात ठेवला, चाचपला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ठोक्या, ती जुनी खुर्ची परत आण. खिडकी गेली खड्ड्यात.

राग आहे, पण माया त्याहून जास्त आहे.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मलबा नेणाऱ्याला गाठलं. त्यानं खुर्ची त्याच दिवशी फोडून चुलीत घातली. मीच ती माझ्या हातांनी त्याच्या गाडीत टाकली होती गं. तेव्हा हसत होतो मी.

नवीन करायला घेतली आहे. कागदावर रेघा मारून मारून हाताची सुतारकामाची सवय गेली, पहिल्याच दिवशी बोट कापलं. खुर्चीची पुढची बाजू घरच्या फोटोंवरून जमली. पण पाठ मागून कशी होती? मासिकातल्या फोटोत ती बाजू दिसत नव्हती, म्हणून बाबांनी ती आपल्या मनानं केली होती. आणि आपल्या एकूण एक फोटोत माणसं खुर्चीत बसून पुढे बघताहेत. मला आडव्या पट्ट्या आठवतात. तू सांग.

तुझ्या लोभाची आत्ता फार गरज आहे.
ठोक्या

१५ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

मला उभ्या आठवतात! आता बोल. त्या खुर्चीवर बसून लहानाचे मोठे झालो आणि दोघांपैकी एकानं तिच्या पाठीकडे धड बघितलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, घरी चला, दाखवते.

परवा ती घर शोधायला एकटीच बाहेर पडली. चौकात सापडली, पायात चप्पल नव्हती. असंच चाललं तर तिला संस्थेत ठेवावं लागेल, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

पण काल एक झालं. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलामागे उभी होती. स्टुलाला कुठली आलीय पाठ, तरी तिचा हात हवेत बरोबर एका जागी थांबला होता. मी हळूच माझा हात तिच्या हाताखाली सरकवला. तिच्या बोटांच्या वळणावरून कळलं, पाठीची वरची कड मध्यभागी खोलगट आहे, तळवा विसावेल एवढी. कडेखाली लांबट भोक, त्यातून चार बोटं आत जातात. पट्ट्या नव्हत्याच रे! दोघंही चुकलो. कणकेच्या गोळ्यावर तिच्या हाताचा छाप घेतला आहे, वाळवून पाठवते. हेच तुझं माप. लवकर कर.

आशीर्वाद आहेतच, हात चालव.
ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्ची गाडीत चढवली. तो खोलगटपणा कोरताना लक्षात आलं, मूळ खुर्ची करणाऱ्यानं फक्त बसणाऱ्याचा विचार केला होता. बाबांनी मागे उभं राहणारीचाही केला. आणि मी मापं चुकली म्हणून हसायचो.

काय होतं ते कळव, जीव टांगणीला लागलाय.
ठोक्या

२४ मे

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

जमलं रे. खुर्ची जागेवर ठेवली आणि आई सरळ चालत तिच्यामागे गेली. हात बसला. बराच वेळ तशीच उभी राहिली, मग भोवती बघून मला म्हणाली, अगं, ही भिंत कधी पाडलीत? पिशवी स्वतःच रिकामी केली. तेव्हापासून ती दाराकडे फिरकलेली नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू दे. मी पोटभर रडले.

पण पुढचं ऐक. परक्या घरात होती तोवर बाबा आपले घरी होते, जेवायचे खोळंबले होते. आता ती घरी आली आणि बाबा घरात नाहीत. पहिल्या संध्याकाळी तिनं विचारलं, हे कुठे आहेत? मी खरं सांगितलं. बाबा गेले त्या दिवशी रडली होती तशीच रडली. सकाळी विसरली. संध्याकाळी पुन्हा तेच. रोज मी सांगते आणि रोज ती पहिल्यांदाच ऐकते.

काल धीर सुटला. कारखान्यात उशीर होणार आहे म्हणाले, असं खोटंच सांगितलं. तर ती खुर्चीमागे उभीच राहिली. पाय सुजले तिचे. बस म्हटलं तर म्हणते, ही त्यांची जागा आहे.

ठोक्या, मागून तू हुबेहूब बाबांसारखा दिसतोस. एकदा ये आणि त्या खुर्चीत बस. बोलू नकोस, वळू नकोस, नुसता बस. इतके दिवस रंधा मारतोयस, तुझ्या केसात भुसा असेलच.

झटकू नकोस, तसाच ये.
ताई