टॉवेल दोन्हीकडून सारखाच ताणला जातो

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
सॉलिड मेकॅनिक्सच्या आंतरराष्ट्रीय फोरमवर माझं मॉडेल टाकलं. सोलापुरी टॉवेल ओढला तर किती ताणला जाईल, त्याचं गणित. चौदा वर्षं कॉलेजात शिकवतोय. आता जगालाही कळू दे. टीकेचं मनापासून स्वागत करायचं.

३ फेब्रुवारी, ९.४५
टीका आली. मोहोळची कुणी धम्मप्रिया, पीएचडी करतेय. लिहिते, ‘सर, तुम्ही कापड सगळ्या दिशांना सारखंच धरलंय. उभा धागा आणि आडवा धागा वेगळे वागतात. कृपया एकदा तपासाल का?’ सगळ्या जगासमोर! वर एका जर्मनाचं तिला लाइक.
स्वागत रद्द. सूड.

४ फेब्रुवारी
सात पानी उत्तर लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. पद्मजा म्हणाली, अहो, पोरीनं ‘सर’ म्हटलंय, ‘कृपया’ म्हटलंय, अजून काय हार घालायला हवा होता? पद्मजाला मेकॅनिक्स कळत नाही.
उत्तर टाकलं नाही. पुराव्यानेच चिरडणार.

९ फेब्रुवारी
कॉलेजच्या मशीनवर ताणून बघायला अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सहा टॉवेल आणले. मागावरचे मल्लप्पा एक टॉवेल हातानं ओढून म्हणाले, “उभं येगळं ताणतंय, आडवं येगळं. ह्याला मशीन कशाला सर?” हसून सोडून दिलं. तीस वर्षं टॉवेल विणले म्हणजे टॉवेल कळतो असं नाही.

१२ फेब्रुवारी
मी व्हायवात अडकलेलो. लॅब असिस्टंट रुद्रप्पांनी सहाही टॉवेल मशीनवर ताणले, आकडे लिहून ठेवले. सहाही वेळा तिचंच बरोबर.
मशीन बिघडलंय. किंवा टॉवेल फितूर आहेत. कागद कपाटात.

१९ फेब्रुवारी
संधी! आमच्याच डिपार्टमेंटच्या वर्कशॉपला तिचं लेक्चर. सव्वा पानाचा प्रश्न तयार केला. आरशासमोर तीनदा विचारला. तिसऱ्यांदा तर ती रडलीच असती.

२७ फेब्रुवारी, दुपारी १.२०
लेक्चर संपताच उठलो. आयत्या वेळी सव्वा पानातलं एवढंच आठवलं, “नुसतं बोलून काय होतं मॅडम? मोजलंय का कुणी?”
ती म्हणाली, “माझ्याकडे मशीन नाही सर. म्हणून तर तुम्हाला विनंती केली होती.”
आता शेवटचा घाव, एवढ्यात दारातून रुद्रप्पा, “मोजलंय की सर आपण! सहाच्या सहा टॉवेल. म्याडमचंच बरोबर आलं, न्हाय का?”
टाळ्या. माझ्यासाठी! एचओडी म्हणाले, स्वतःची चूक स्वतः तपासायला मोठं मन लागतं. खाली बसलो.

२७ फेब्रुवारी, ५.००
धम्मप्रिया पॅसेजमध्ये भेटली. आकडे द्याल का सर, मिळून पेपर लिहू, म्हणाली. विचार करून सांगतो म्हटलं. जिन्यापर्यंत विचार केला. परत येऊन विचारलं, पहिलं नाव कुणाचं?
“रुद्रप्पांचं, सर. मोजलं त्यांनी.”
दुसरं तिचं.
होकार दिला.