हजेरीपटावरचे अकरा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

येत्या वीस तारखेला समितीपुढे उभं राहायचं आहे. आमच्या लघुउद्योग संघटनेला चार मिनिटं मिळाली आहेत. दोन वर्षांच्या अर्जांची कमाई एवढीच. राज्याचे अधिकारी असतील आणि केंद्राचेही, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं त्यांना निदान सोपं जाईल. मागणी साधी आहे: सरकारी खरेदीतला काही हिस्सा लहान कारखान्यांसाठी राखून ठेवा. लहान म्हणजे वीस माणसांपर्यंत, असं आम्ही लिहिलं आहे.

तुझ्या ब्रशच्या कारखान्याचं उदाहरण देऊ का? काल आरशासमोर बोलून पाहिलं. तुझ्या अडचणीवर मी जरा जास्तच छान बोलते आहे असं वाटलं आणि लाज वाटली, म्हणून विचारते. हजेरीपटावर किती जण आहेत तेही कळव.

वहिनीला नमस्कार. तुझ्या रागालोभाला सरावलेली,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दे की उदाहरण. लहानपणी माझ्या चुगल्या करताना कधी परवानगी मागितली नव्हतीस, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची.

हजेरीपटावर अकरा जण. पहिली सही अजून गालकाकांची. बाबांच्या वेळचा हा माणूस प्रत्येक ब्रश गालावर फिरवून तपासायचा, म्हणून ते नाव आपणच ठेवलं. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून त्यांच्या उजव्या गालाला काही कळत नाही. तरी आठाच्या ठोक्याला येतात, सही करतात, बाकावर बसतात. मी ब्रश हातात देतो, ते त्याच गालावर फिरवतात आणि चालेल म्हणतात. मागाहून तो मी पुन्हा तपासतो. डावा गाल वापरा, असं सांगायचं धाडस कुणाला नाही.

शाळा-इस्पितळांची सरकारी ऑर्डर मिळाली नाही तर जूनमध्ये टाळं लावावं लागेल. मोठ्या कारखान्यांच्या दराला मी पुरा पडत नाही. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही, समितीला सांग.

फार विचार करू नकोस. निदान जेवताना तरी.
तुझा दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मागणी मान्य झाली. संघटनेत सगळे माझी पाठ थोपटताहेत. पुढचं बसून वाच.

अध्यक्ष म्हणाले की वीस जमणार नाही, दहा चालतील का. आत्ता सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आमच्या बहुतेक सभासदांकडे सहा-सात माणसं. मी चालेल म्हणाले. तुझे अकरा मला खाली जिन्यात आठवले, असं तुला लिहायचं ठरवलं होतं. तसा एक कागद लिहूनही झाला, तो फाडला. दादा, मला तिथेच आठवले होते. मनात अकरा म्हटलं आणि तोंडाने चालेल. कितीतरी कारखाने वाचले, हे खरं आहे. पण ते स्वतःला सांगताना जे बरं वाटतं, त्याचा मला भरवसा वाटत नाही.

काल दोन्ही कचेऱ्यांत जाऊन विनवण्या केल्या. राज्यवाले म्हणाले, आकडा केंद्राचा. केंद्रवाले म्हणाले, राज्यानेच सुचवला. बदल आता तीन वर्षांनी. तपासनीस पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतील. तू काय करशील?

रागाव, पण लिही.
धाकटी


१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस रागावलो होतो. मग वाटलं, तिथे मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि तुला मात्र जिन्याचं लिहिलं असतं.

कुणाचं नाव काढणार? बाकीचे दहाही राबतात. गालकाकांना सांगितलं की हजेरीपट भरला, आणि नवी वही पुढे केली. त्यांनी जुन्या पटाची कोरी पानं चाळली आणि नव्या वहीत सही केली. मग रोज करायला लागले. त्या वहीत दुसरं कुणाचं नाव नाही.

काल तपासनीस आला, डोकी मोजली, आणि बाकावर बसलेले हे कोण म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत गालकाका उठले आणि म्हणाले, मी गिऱ्हाईक. फळीवरून कपड्यांचा एक ब्रश उचलला, गालावर फिरवला, डाव्या गालावर, आणि माझ्यासमोर पैसे ठेवले. तपासनीस बघत होता. मला ते घ्यावे लागले. संध्याकाळी परत द्यायला घरी गेलो तर म्हणाले, ब्रश चांगला निघालाय, पैसे कसले परत करतोस.

ऑर्डर मिळेल, असं तपासनीस सांगून गेला.

आज आठ वाजून गेले, साडेनऊ झाले. वही बाकावर उघडी ठेवली आहे.

माया आहे तशीच आहे. ती तेवढी मोजत बसू नकोस.
तुझा दादा