पेटीभोवतीचा फेर

बा, आज माझा आवाज पार बसलाय. काल मोखाड्याला आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंच्या मुलीचं लग्न होतं. डीजेवर तारप्याची चाल लागली आणि सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. दिवस मावळेपर्यंत फेराला हाका देत होते. नवरीच्या एका मैत्रिणीनं विचारलं, "बाई, हे तुम्ही कुठं शिकलात?" मी "घरी" एवढंच म्हणाले. पुढचं सांगायला घसा नव्हता. तुला सांगायला घसा लागत नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलेय.

पोशेऱ्याला आपल्या पाड्यावरचा तारपकरी म्हातारा गेला, तेव्हा मी दहावीला होते. भोपळ्याचा तो लांब तारपा त्याच्यामागे कुणी फुंकलाच नाही. तोवर कसं होतं? नवं भात आलं की तो मधोमध वाजवणार, त्याच्याभोवती कमरेला हात घालून बाया-माणसांची साखळी, आणि घुंगरांची काठी आपटत "आत वळा", "उलटे फिरा" म्हणून हाका देणारा तू. पुढे लग्नांतून बेंजो पार्ट्या आल्या, कीबोर्ड आणि ढोलाचे ठोके देणारं पॅड घेऊन. तारप्याचीच चाल ते वाजवायचे, पण मांडवाच्या एका कडेला उभे राहून. पोरं त्यांच्यासमोर हात वर करून वेडीवाकडी नाचायची. म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकून बघत बसायच्या. आईसुद्धा. तुला राग आला नाही. तू तडक जव्हारला गेलास, स्पीकर भाड्यानं देणाऱ्या चाचांकडे, आणि मी तुझ्याबरोबर होते.

"चाचा, स्पीकरची पेटी मधी ठेवता येल का?"

चाचा हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवून म्हणाले, "मध्ये? अरे भाई, वायर पायात येईल. कुणी पडला तर?"

"वायर मी पुरतो. आमच्यात तारपकऱ्याला पाठ दावीत नाय."

"अरे, पण पेटीला कुठं कळतंय पाठ न् तोंड!"

"नाचणाऱ्याला कळतंय ना."

चाचा हसले, पण लांब वायर त्यांनी दिली. शेजारच्या लग्नात तू अंगणात कुदळीनं चर मारलास, वायर पुरलीस, वरून माती चोपून शेणानं सारवलंस. मधोमध तारपकऱ्याच्या जागी काळी पेटी आणि तिच्याशेजारी काठी घेऊन तू. आणि बा, किती फजिती झाली तुझी! म्हातारा तारपकरी तुझ्या काठीकडे बघून चाल बदलायचा. पॅडवाला कुणाकडेच बघत नव्हता. तू "उलटे" म्हणेपर्यंत चाल पुढे गेलेली, अर्धी साखळी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन काका एकमेकांवर आपटलेले. लोक पोट धरून हसले. तूही हसलास, पण घरी येताना वाटभर काठीनं ती चाल मोजत होतास.

मग सुरू झाली आपल्या चुलीपुढची शाळा. चाचांनी बेंजोची कॅसेट भरून दिलेली, टेपरेकॉर्डर मास्तरांकडून मागून आणलेला. आई नागलीच्या भाकरी थापतेय, तू टेपरेकॉर्डरच्या फळीजवळ उभा, आणि मी एकटीच साखळी होऊन चुलीभोवती फिरतेय. "आत वळा!" तू एवढ्या जोरात ओरडतोस की आईच्या हातची भाकर तव्याबाहेर पडते. "शेजारपाजार गोळा होल आता," ती करवादते, आणि थोड्या वेळानं पिठाच्या हातांनीच माझी कंबर धरून फिरायला लागते. तिथंच तुला उमगलं. चाल बदलायच्या आधी पॅडवाला टुकटुक-टुकटुक असं काहीतरी वाजवतो, तेवढ्यात सांगून टाकायचं. "हाक पावलाच्या आधी पडली पाहिजे," तू मला म्हणालास. "पावलासंगं पडली तर ती नुसती बोंब."

दाभोशाला चुलतबहिणीचं लग्न होतं, तेव्हा तुझा घसा तापानं बसलेला होता. पेटी मांडलेली, साखळी धरलेली, आणि तू काठी माझ्या हातात दिलीस. नवऱ्याकडचा एक म्हातारा पुढे आला. "पोरगी काठी धरणार? आमच्याकडं असं नसतं." बहीण मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघतेय, मला वाटतं आता हिच्या लग्नात माझ्यापायी तंटा होणार. मी काठी परत करायला लागले. तू ती घेतली नाहीस. फाटक्या आवाजात एवढंच म्हणालास, "मामा, माझा घसा गेलाय, तिचा हाय. पाय चुकले तर मी थांबवीन."

पॅड वाजलं. पहिली हाक मी दिली आणि ती स्वतःच ऐकत बसले, दुसरी हुकली. तू मागून खेकसलास, "आपला आवाज काय ऐकतीस? त्यांचे पाय बघ!" मी पाय बघितले. भेगाळलेले, चांदीच्या वाळ्यांचे, प्लॅस्टिकच्या चपलांचे. टुकटुक झालं, "आत वळा" म्हणाले, आणि अख्खी साखळी शंखासारखी आत वळत पेटीपाशी आली. भिंतीशी बसलेली एक म्हातारी पदर खोचून उठली आणि साखळीच्या शेपटाला जाऊन लागली. ती त्या मामांचीच बायको. मामा तिच्याकडे बघत राहिले. जेवताना त्यांनी स्वतः माझ्या पत्रावळीवर भात वाढला.

त्यानंतर तू हाक दिलीच नाहीस. घसा बरा झाला तरी नाही. लग्नाचं बोलावणं आलं की "पोरीला विचारा" म्हणायचास, आणि साखळीत जाऊन आईशेजारी उभा राहायचास. मी हाक द्यायचे आणि माझ्यासमोरून तुम्ही दोघं फिरत जायचात, तू मान वर करून, जसं काही ही पोरगी कोण ते सगळ्यांना सांगत. छातीच्या दुखण्यानं तू गेलास, त्याच्या आदल्या उन्हाळ्यापर्यंत नाचत होतास. पुढे आईही गेली. आता पेट्या माणसाएवढ्या उंच झाल्यात, मधोमध कुणी ठेवू देत नाही. मी डीजेच्या पोरांना निदान पेट्यांची तोंडं आत, फेराकडे ठेवायला सांगते. ऐकतात बिचारी.

हे कागद घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन, दुसरं काय करणार? पण एक गोष्ट तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. मला हाक देण्यापेक्षा नाचायला जास्त आवडतं, बा. मधोमध काठी घेऊन उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या कमरेला धरून फिरायचं, हे मला तेव्हाही थोडं जड जायचं. तू एवढा खूश असायचास, म्हणून राहिले उभी.