कुंकू लावलेली मोटारसायकल

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच, पण आजचं मनात मावेना, म्हणून लिहायला बसले. माझी बक्षिसाची मोटारसायकल आज सकाळी दारातून परत गेली!

परवा जतकडच्या एका जत्रेत मी मैदानातली शेवटची, मोटारसायकलची कुस्ती मारली. तुम्ही शिकवलेल्या ढाक डावावर, चितपट! जिंकलेली वस्तू मैदानात मुक्कामाला ठेवायची नाही, हा आपल्या तालमीत तुम्हीच घालून दिलेला नियम. तुमच्या काळी ती वस्तू म्हणजे घागर, फेटा, फार तर बकरं. चुलत्यांनी कसलीही चौकशी न करता गाडी टेम्पोत चढवली. "आप्पांचा शब्द हाय, बक्षीस आजच घरी!" हलगी वाजवत गावात आलो. आईने गाडीला ओवाळलं, पुढच्या दिव्याला कुंकू लावलं. किती खूश होते मी!

आणि आज संयोजकांची दोन माणसं गाडी परत न्यायला दारात. आधी कर भरायचा, मगच गाडी मिळणार, हे म्हणे त्यांनाही कालच कळलं. किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा! कुठून आणू? त्यांतला एक जण फडक्याने दिवा पुसायला लागला, तशी आई धावली. "आवं, त्ये कुकू पुसू नगा! माज्या लेकीनं जिकलीया ती!" सगळी गल्ली बघत होती. जणू आम्ही चोरीचा माल घरात ठेवला होता.

मी तशीच सांगलीला एका कर सल्लागाराकडे गेले. ते म्हणाले, "ताई, सरकारनं मान्य केलेल्या बक्षिसांना सूट मिळते. जत्रेतलं बक्षीस लॉटरीच्या रांगेत बसतं."

लॉटरीच्या! तुम्ही आमच्याकडून जोर काढून घ्यायचात, ते काय तिकीट काढणं होतं? माझा खांदा निखळला तेव्हा सायकलवर बसवून मला हाडवैद्याकडे नेलंत, तेही नशीबच का? जत्रेतूनच वर येणाऱ्या पोरींनी सूट मागायची कुणाकडे?

तुमच्यावरही रागच आहे माझा. प्रत्येक डावाची तोड शिकवलीत, याची का नाही शिकवलीत? आणि सराव संपल्यावर वस्तीवरच्या पोरींना सायकलवरून घरी सोडायचात, ते काम कुणावर टाकून गेलात? दोघींच्या घरच्यांनी त्यांना तालमीत पाठवणंच बंद केलंय. त्यांच्यासाठीच तर हवी होती गाडी.

संयोजक म्हणतात, गाडी जिथून आणली त्या दुकानदारालाच विक, कर जाऊन उरेल ते घे. चुलतेही म्हणाले, "घी की गं, कशाला डोस्कं पिकवतीस?" मी नाही म्हणाले.

शब्द देते, आप्पा. कर भरावाच लागला तर आणखी मैदानं मारून भरीन. पण मतं मागायला जो कुणी गावात येईल त्याला तालमीच्या दारात अडवून विचारीन, आमची कुस्ती लॉटरी कधीपासून झाली? आणि गाडी आली की त्याच संध्याकाळी पोरींना एकेक करून घरी सोडीन.

गाडी गेली, पण दिव्यावरचं कुंकू तसंच घेऊन. आईने पुसू दिलं नाही.

तुमची पठ्ठी,
शारदा